सीआरपी किती, यापेक्षा पेज कशी भरवली ते विचारा

कोविडने कोकणातल्या घरांत रक्तचाचण्यांची चार नावं मागे ठेवली: सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन), फेरिटिन, डी-डायमर आणि आयएल-६. २०२० आणि २०२१ मध्ये रोज सकाळी याच आकड्यांची विचारपूस व्हायची. साथ ओसरली, सवय राहिली. आता गावाकडच्या आईच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, आणि तिला कणकवलीत किंवा चिपळूणला दवाखान्यात ठेवलं, की मुंबईहून येणाऱ्या फोनवर हालहवालाच्या आधी ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न येतो. आकडा साठ-सत्तर निघाला की घरातला एखादा जाणता मान हलवून सांगतो, ‘म्हणजे आता काही खरं नाही.’ मग फिजिओथेरपी नावापुरती उरते, तेलाने चोळणारा माणूस घरी येऊ लागतो आणि मुलं जमिनीच्या कागदांचं बोलू लागतात.

हे अनुमान चुकीचं आहे. ते ज्या संशोधनाच्या आधाराने काढलं जातं ते मात्र खोटं नाही, आणि म्हणूनच हा विषय ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून झटकून टाकता येत नाही. अर्धांगवायूनंतर रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढलेल्या असतील, तर अशा रुग्णांची पुढची वाटचाल सरासरीने वाईट असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यावरून काही ठिकाणी पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला या चाचण्यांचा पूर्ण संच लावला जातो, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांतही तो मिळावा अशी मागणी ऐकू येते. आमचं म्हणणं असं की ही मागणी चुकीच्या जागी आहे. या आकड्यांचं पक्षाघातातलं काम एकच: जंतुसंसर्ग लपलेला असेल तर तो शोधायला लावणं. आणि तो संसर्ग बहुतेकदा ज्या वाटेने आत शिरतो, त्या वाटेवर, म्हणजे रुग्णाच्या तोंडात जाणाऱ्या घासावर, आपल्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

आधी रक्तात काय घडतं ते पाहू. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने तुटला की तिथल्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. मरत्या पेशींतून बाहेर पडलेली द्रव्यं मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशींना चाळवतात. त्या आयएल-१, टीएनएफ, आयएल-६ अशी संदेशद्रव्यं सोडतात. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात आणि पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. आयएल-६ यकृतापर्यंत गेलं की यकृत सीआरपी तयार करू लागतं. सीआरपी साधारण सहा तासांनंतर वाढायला लागतो, दोनेक दिवसांत शिखर गाठतो आणि मूळ कारण संपलं की सुमारे १९ तासांत निम्मा होतो. या वेळापत्रकाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लगेच कळते: वारं गेल्यावर तासा-दोन तासांत काढलेला सीआरपी त्या पक्षाघाताबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो आधीपासून शरीरात काय चाललं होतं ते सांगतो.

याच वेळी उलट दिशेनेही काहीतरी घडत असतं. मोठा पक्षाघात झाला की शरीरात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तातले लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती काही दिवस खरोखरच मंदावते. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर हे दिसतं. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील तर त्यांचं गुणोत्तर ८.४, निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असतं. पक्षाघातावरच्या अभ्यासांत हे गुणोत्तर सध्या फार लाडकं आहे, कारण त्याला वेगळा पैसा लागत नाही. ज्यांचं गुणोत्तर चढं, त्यांच्यात तीन महिन्यांनी परावलंबी राहिलेले आणि दगावलेले रुग्ण जास्त निघतात.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टींचा गुंता असतो. मेंदूचा किती भाग मेला, हे एक. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग जडला आहे का, हे दुसरं. मधुमेह, तंबाखू, सडलेल्या हिरड्या, रक्तवाहिन्यांतली जुनी चरबी यांमुळे आकडा आधीपासूनच किती चढलेला होता, हे तिसरं. पहिली गोष्ट रुग्णाकडे पाहूनच कळते. त्यासाठी एनआयएचएसएस ही ० ते ४२ गुणांची तपासणी आहे. प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका ती दहा मिनिटांच्या आत करते. रुग्णाचं वय आणि हे गुण एकदा हातात आले, की त्यात सीआरपी किंवा आयएल-६ची भर घालून भाकीत फारसं सुधारत नाही. ज्याचा पक्षाघात मोठा त्याचा सीआरपी मोठा. म्हणजे आकडा आपल्याला आधीच दिसत असलेली गोष्ट पुन्हा सांगतो, तीही एक दिवस उशिरा.

तिसरी गोष्ट कोकणात अधिकच गुंतागुंतीची होते. इथल्या कितीतरी बायका आयुष्यभर मशेरी लावतात. हिरड्यांचा जुनाट दाह त्यांच्यात सर्रास सापडतो आणि सीआरपी त्याने थोडा वर असतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात चिखलात लावणी-बेणणी केलेल्या माणसाला लेप्टो असू शकतो, आणि लेप्टोत सीआरपी भरपूर चढतो. दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापही (गोचिडींतून पसरणारा विषाणूचा ताप) आहे. भाताच्या खाचरातून थेट दवाखान्यात आलेल्या रुग्णाच्या पायाला भेगा आहेत, ताप आहे, डोळे लाल आहेत आणि एक बाजू लुळी आहे, अशा वेळी सीआरपी १२० आला तर तो मेंदूच्या खात्यावर मांडणारा डॉक्टर मोठी चूक करतो. शिवाय गावात अजूनही वारं गेलेल्या माणसाला पहिल्या दवाखान्यातच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलं जातं. गुठळीने झालेल्या पक्षाघातात त्याचा उपयोग नाही. साखर मात्र चढते, न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मग त्या रुग्णाचं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर १२ आलं, तर त्यातलं आजाराचं किती आणि इंजेक्शनचं किती, हे कोणी सांगावं?

मोजण्याच्या पद्धतीकडेही कोणी बघत नाही. तालुक्याच्या लहान लॅबमध्ये सीआरपी बऱ्याचदा काचपट्टीवर लॅटेक्सच्या थेंबाने काढतात. पट्टी हलवून दोन मिनिटांनी दाणे पडले का ते बघायचं. उशीर झाला आणि थेंब सुकायला लागला की खोटे दाणे दिसतात. आकडा हवा असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात आणि शेवटचा दाणेदार थेंब जितक्या पट पातळ असेल त्या आकड्याला ६ने गुणतात. म्हणून या पद्धतीत उत्तर ६, १२, २४, ४८, ९६ असंच येतं. काल २४ होता, आज ४८ झाला, म्हणजे आजार दुप्पट झाला असं घरचे समजतात. प्रत्यक्षात एका पायरीचा फरक हा पद्धतीचाच चढउतार असू शकतो. दुसरी गफलत एककाची. एका लॅबचा कागद मिलिग्रॅम प्रति लिटर सांगतो, दुसरीचा प्रति डेसिलिटर. तालुक्याला ४८ आणि जिल्ह्याला ५.२ पाहून ‘सीआरपी उतरला’ म्हणणारे असतात, ५.२ प्रति डेसिलिटर म्हणजे ५२ प्रति लिटर. तो उतरलेला नाही.

आयएल-६ची तऱ्हा याहून वाईट. तो काही तासांत वरखाली होतो. रक्त काढल्यावर सीरम वेगळं करायला उशीर झाला तर आकडा बिघडतो, आणि नमुना थंड राहायला हवा. मालवण किंवा राजापूरहून नमुना कोल्हापूरला अथवा मुंबईला जाणार, पावसाळ्यात आंबा घाटात किंवा करूळ घाटात दरड आली तर तिथेच थांबणार, आणि दोन दिवसांनी कागद येणार. तोवर रुग्णाची अवस्था बदललेली असते. सीआरपीच्या कित्येक पट पैसे मोजून हा आकडा मिळतो आणि त्यावरून उपचारात एक गोळीही बदलत नाही. आमच्या मते अर्धांगवायूच्या रुग्णाला आयएल-६ काढायला सांगणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि संशोधन चालू नसेल तर तो थांबवावा. ईएसआरबद्दल (तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाची जुनी चाचणी) तर बोलायलाच नको. तो वयाने चढतो, पंडुरोगाने चढतो आणि चढलेला उतरायला आठवडे घेतो.

‘दाह वाईट असेल तर दाह कमी करणारं औषध द्या’ हा पुढचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. तो करून पाहिलेला आहे. न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारं एनलिमोमॅब हे औषध पक्षाघाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषध मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली. आयएल-१ला अडवणारं अनाकिन्रा दिलं, तेव्हा रक्तातला आयएल-६ खरोखर उतरला, पण २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत रुग्णांच्या बरं होण्यात फरक दिसला नाही. चीनमध्ये हलका पक्षाघात झालेल्या आणि सीआरपी चढा असलेल्या आठ हजारांहून जास्त रुग्णांना कमी मात्रेत कोल्चिसिन दिलं. ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. हे २०२४ चं. कारणही समजण्यासारखं आहे. ज्या पेशी पहिल्या दिवशी नासधूस करतात, त्याच पुढच्या आठवड्यात मेलेला भाग साफ करतात आणि दुरुस्तीला लागणारी द्रव्यं पुरवतात. सगळा दाह सरसकट दाबला की दुरुस्तीही दबते. उद्या योग्य औषध योग्य वेळी सापडेलही; आज ते नाही. ‘सूज उतरवणारी’ म्हणून घरी दिल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल आणि काढे यांना तर या बाबतीत कसलाच आधार नाही, आणि घशाखाली नीट न उतरणारा काढा थेट फुप्फुसात जाऊ शकतो.

दोन ठिकाणी मात्र दाहाचा आकडा खरंच कामाचा आहे, आणि तिथे त्याची टाळाटाळ नको. पहिलं ठिकाण हृदयाच्या झडपेचं. संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झालेला तिशी-चाळिशीतला रुग्ण, तीन-चार आठवडे अंगात बारीक ताप, वजन उतरलेलं आणि मग अचानक पक्षाघात. इथे सीआरपी आणि ईएसआर दोन्ही चढे असतील तर झडपेवर जंतूंची वाढ झाल्याची शंका घ्यायलाच हवी. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी वेगवेगळ्या जागांहून तीन रक्तकल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) घ्यायची, हृदयाची इको करायची. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो. इथे एका चाचणीने उपचाराची दिशाच बदलते.

दुसरं ठिकाण म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्याने चढणारा सीआरपी. भरती होताना १५, तिसऱ्या दिवशी ९०, रुग्ण कालपेक्षा सुस्त, ऑक्सिजन ९८ वरून ९३. हा संसर्ग शोधण्याचा इशारा आहे. शोध क्रमाने घ्यायचा: आधी छाती, मग लघवी आणि लघवीची नळी, सलाईनची सुई टोचलेली जागा, पाठ आणि कमरेखालची कातडी, मधुमेही असेल तर पायाची बोटं, लुळ्या पायाची पोटरी सुजली आहे का. पावसाळ्यात मलेरिया आणि लेप्टोची चाचणी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी सीआरपी प्रथम पाहिला तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. जवळजवळ शंभर वर्षांनी पक्षाघाताच्या वॉर्डातही त्याचं सर्वांत उपयोगी काम तेच राहिलं आहे.

संसर्ग सापडण्याची वाट न बघता सगळ्यांनाच आधीपासून अँटिबायोटिक दिलं तर? तेही झालं आहे. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांना चार दिवस सेफ्ट्रियाक्सोन देऊन पाहिलं, ब्रिटनमध्ये गिळायला त्रास असलेल्या बाराशे रुग्णांवर असाच प्रयोग केला. दोन्हींचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्यात रुग्णांचं स्वावलंबन वाढलं नाही, दुसऱ्यात न्यूमोनियाही कमी झाला नाही. न्यूमोनिया औषधाने आधीच अडवता येत नाही. तो घास अडवून अडवावा लागतो.

त्याआधी भाकिताचं बोलू, कारण घरच्यांना खरं तर तेच हवं असतं: हात चालेल का, चालता येईल का. याची उत्तरं सुईशिवाय मिळतात. तिसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाला लुळ्या हाताची बोटं स्वतःहून थोडी जरी उघडता आली आणि खांद्यातून हात बाजूला जरासा जरी हलवता आला, तर सहा महिन्यांनी त्या हाताला काहीतरी कामाची हालचाल येण्याची शक्यता ९८ टक्के असते. दोन्ही जमत नसेल तर सुमारे २५ टक्के. नेदरलँड्समधला हा अभ्यास २०१० चा, गुठळीने झालेल्या पहिल्याच पक्षाघाताच्या रुग्णांवरचा. चालण्यासाठीही तशीच खूण आहे: तीन दिवसांच्या आत रुग्ण आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकतो का आणि लुळ्या पायात थोडी ताकद आहे का. दोन्ही असेल तर सहा महिन्यांत स्वतः चालण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही नसेल तर २७. खालच्या टोकालाही चारांत एक जण बरा होतोच, हे विसरू नये. ही तपासणी खाटेपाशी उभं राहून दोन मिनिटांत होते. तरीही डिस्चार्जच्या कागदावर बोटं उघडतात की नाही हे क्वचित लिहिलेलं सापडतं, सीआरपी मात्र तीनदा लिहिलेला असतो.

आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहण्यात जाणारा वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं: अल्टेप्लेस असेल तर किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, टेनेक्टेप्लेस असेल तर ०.२५. त्याआधी सीटी स्कॅन हवा, रक्तदाब १८५/११० च्या खाली हवा, आणि रक्ताच्या चाचण्यांपैकी फक्त साखर बघणं अनिवार्य आहे. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल किंवा रक्तस्रावाच्या आजाराची शंका असेल तरच गोठण्याच्या चाचण्यांसाठी थांबायचं. सीआरपीसाठी कधीच नाही. ज्या जिल्ह्यांत रुग्णाचे दोन तास रस्त्यावर आणि घाटातच जातात, तिथे ‘सगळे रिपोर्ट येऊ देत’ म्हणून अर्धा तास घालवणं महागात पडतं.

आता घासाकडे. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्यात अडचण असते. कोकणात आजाऱ्याला पहिली आठवण होते ती पेजेची. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, चवीला मऊ, आणि तिची निवळ तर ‘नुसतं पाणीच, त्याला काय होणार’ म्हणून सगळ्यात आधी दिली जाते. गिळणं बिघडलेल्या माणसाला सगळ्यात धोकादायक तेच असतं. पातळ पदार्थ घशात वेगाने पळतो. लुळा पडलेला घसा श्वासनलिकेचं तोंड वेळेवर झाकू शकत नाही. निवळ, नारळपाणी, ताक, सोलकढी, चहा, सगळे याच वर्गातले. भरवणारा रुग्णाला उशीवर किंचित उचलतो, चमचा लुळ्या बाजूने तोंडात रिकामा करतो, आणि रुग्ण खोकला नाही म्हणजे गेलं पोटात असं समजतो. अनेकांना ठसका येतच नाही. घशाची जाणीवच गेलेली असते. तीन दिवसांनी ताप येतो, सीआरपी ९० येतो, आणि मग मुंबईचा फोन.

तोंडाने काहीही देण्याआधी, गोळीसुद्धा, गिळण्याची तपासणी व्हायला हवी. ती अशी. रुग्ण पूर्ण जागा हवा, सांगितलेलं समजणारा हवा. त्याला ताठ बसवायचं, नुसतं टेकवून नाही. तोंड पुसून घ्यायचं, कवळी ढिली असेल तर काढायची. ‘खोकून दाखवा’ म्हणायचं. मग चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी, तीन वेळा. प्रत्येक वेळी ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओला, घोगरा झाला का ते ऐकायचं. नीट गेलं तर पेल्यातलं ९० मिली पाणी न थांबता प्यायला द्यायचं. पिताना किंवा नंतर मिनिटभरात खोकला आला, आवाज पाणावला, मध्येच थांबावं लागलं, तर तपासणी नापास. मग तोंडाने काही नाही. गरज पडली तर नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, आणि रोज पुन्हा तपासणी. यासाठी लागतो एक पेला, एक चमचा आणि शिकलेली एक परिचारिका.

पास झालेल्याला किंवा ‘घट्टसर द्या’ असं सांगितलेल्याला पेज किती घट्ट द्यायची हेही मोजता येतं. दहा मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरची ० ते १० ची खूण साधारण ६१.५ मिलिमीटर लांब असावी, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दांडा काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून पेज दहापर्यंत भरा, बोट काढा आणि दहा सेकंद मोजा. १ मिलीपेक्षा कमी उरली तर ती पाण्यासारखीच आहे. ४ ते ८ उरली तर थोडी घट्ट, ८ च्या वर उरली तर मध्यम घट्ट. कोणाला कोणती चालेल हे तपासणाऱ्याने ठरवायचं, पण ‘थोडी दाट करा’ या सूचनेला अर्थ या मापानेच येतो. पेज ज्या तापमानाला भरवणार त्याच तापमानाला मोजा, कारण ती गार झाली की दाटते. आणि उष्टा चमचा वाटीत परत बुडवू नका: लाळेतलं अमायलेज तांदळाचं पीठ पचवू लागतं आणि वाटी संपेपर्यंत दाट पेज पुन्हा पातळ झालेली असते. वाटी वेगळी, भरवण्यापुरती थोडी पेज वेगळी.

भरवताना चमचा लहान, चांगल्या बाजूने. एक घास पूर्ण उतरल्याशिवाय दुसरा नाही. लुळ्या गालात भात साठतो, तो बोटाने काढायचा. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. सिरिंजने तोंडात पेज सोडणं बंद. दिवसातून दोनदा दात-जीभ घासायची, राइल्स ट्यूब असली तरी. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो, जेवण असो वा नसो. नळीने अन्न देतानाही डोकं ३० ते ४५ अंश वर.

ही घरगुती सावधगिरी वाटेल, पण तिचं बळ मोजलेलं आहे. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिटपैकी (पक्षाघाताच्या खास वॉर्डांपैकी) काहींमध्ये परिचारिकांना तीनच गोष्टी शिकवल्या: पहिले तीन दिवस ताप दर चार तासांनी बघा आणि ३७.५ ला पॅरासिटामॉल द्या, साखर बघा आणि आटोक्यात ठेवा, गिळण्याची तपासणी चोवीस तासांत करा. २०११ मध्ये आलेले निष्कर्ष असे: तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण नेहमीच्या पद्धतीच्या युनिटमध्ये ५८ टक्के, शिकवलेल्या युनिटमध्ये ४२ टक्के. कोणतंही दाहविरोधी औषध याच्या जवळपास आलेलं नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: ऑस्ट्रेलियाच्या युनिटमध्ये परिचारिका होत्या, आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एका परिचारिकेवर सगळा वॉर्ड असतो. मग हे काम नातेवाइकांवर टाकावं का? भरवण्याचं काम शिकवून टाकता येईल. व्यायामाचं मात्र नुसतं नातेवाइकांवर सोडून भागत नाही, हे भारतातच तपासलेलं आहे. देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात घरच्या माणसाला पुनर्वसनाचं शिक्षण देऊन व्यायाम त्याच्याकडे सोपवला; २०१७ मध्ये आलेला निकाल सांगतो की सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. कोकणात तर घरी असतो कोण? पंच्याहत्तरीचा नवरा, किंवा गणपतीपुरता आलेला आणि सुट्टी संपली की परत जाणारा चाकरमानी. ‘घरच्यांना शिकवून सोडा’ हे सरकारला स्वस्त पडतं, रुग्णाला नाही.

म्हणून मागणी करायचीच तर अशी करावी. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. शिकवणारी माणसं जिल्ह्यात आहेत. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या प्रत्येक परिचारिकेला गिळण्याची तपासणी शिकवायला एक दिवस पुरतो. फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावं आणि पहिले तीन महिने एकही आठवडा चुकू नये, कारण हातापायाची सुधारणा मुख्यतः याच काळात होते. त्याचबरोबर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला उठवून वारंवार चालवण्याचा उत्साह नको. २०१५ मध्ये आलेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात त्याने नुकसानच झालं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने घरी जाऊन पाठ, लघवीची नळी, रक्तदाब, साखर आणि भरवण्याची पद्धत पाहावी. नळी विनाकारण ठेवली असेल तर ती काढायला लावणं हे सीआरपी उतरवण्याचं उत्तम साधन आहे. जिल्हा नियोजनाचा पैसा आयएल-६च्या यंत्राआधी या कामाला जावा.

डिस्चार्जच्या कागदावर पाच नोंदी छापील असाव्यात: गिळण्याची तपासणी कधी झाली आणि निकाल काय, बोटं उघडतात का, खांदा हलतो का, आधाराशिवाय किती सेकंद बसतो, पेज किंवा पाणी किती घट्ट द्यायचं. सीआरपी लिहायचाच असेल तर त्याच्यापुढेही रकाने हवेत: पक्षाघातानंतर कितव्या तासाला काढला, काचपट्टीवर की यंत्रावर, एकक कोणतं, आणि त्या दिवशी ताप किती होता.